पाणसळ

गिलेननं अंगणाच्या मधोमध खुंटी ठोकली,
दहा फुटांची दोरी बांधली,
आणि फक्की नव्हती म्हणून
मुठीतून मैदा सोडत एक वर्तुळ काढलं.
कुंपणापलीकडून मी विचारलं, पुन्हा?
ती म्हणाली, पुन्हा.

शाविनिगनमध्ये मे संपत आलेला.
बर्फ जाऊन महिना झाला तरी
कुदळीला हातभर खाली अजून गारठा लागतो.
इथली जमीन हिवाळाभर फुगते
आणि वसंतात दगड विते.
गेल्या साली वेचले तेच परत आले
असं वाटावं, इतके ओळखीचे.

मागचा तलाव नॉर्मांनं बसवला होता.
एक दुपार, बिअरची एक पेटी, दोन मेहुणे.
पूर्वेकडचा खळगा त्यांनी सैल मातीनं भरला,
वर उड्या मारल्या,
झालं म्हणाले.
तिसऱ्या ऑगस्टात, रात्री सव्वादोनला,
पत्र्याची भिंत उसवली.
अठ्ठावीस हजार लिटर.
मी ते मोजलेले नाहीत, ऐकलेत,
आमच्या तळघराच्या खिडकीतून आत येताना.
फ्रीझर तरंगत होता. हरणाचं मांस, लग्नाचे फोटो,
बायकोची शिवणाची पेटी, तिच्यातली सगळी रिळं
एकमेकांत गुंतून.

नॉर्मां त्यानंतर वर्षभर राहिला.
तलावामुळे गेला असं
कोणी म्हणत नाही.

आता ती एकसष्टची. गुडघ्यांना स्पंजाच्या ढाली बांधून
गवताचे पट्टे कापते, गुंडाळते,
पाहुणे गेल्यावर सतरंजी गुंडाळावी तसे.
"उंच आहे ते खोदायचं," मला सांगते,
मी विचारलेलं नसताना,
"सखल आहे ते भरायचं नाही."
दोन दिवस मी नुसता बघत राहिलो.
माझ्या तळघराला अजून वास येतो, हे तिला माहीत आहे.

तिसऱ्या दिवशी कुंपणावरून पाणसळ दिली.
वडिलांची. कागद गिरणीत यंत्रं बसवताना वापरलेली,
टोकांना पितळ, मधे हिरवट काचेत
एक बुडबुडा, माझ्यापेक्षा वयानं मोठा.
तिनं ती लांब फळीवर ठेवली,
फळीचं एक टोक खुंटीवर,
दुसरं घड्याळाच्या काट्यासारखं फिरवत नेलं.
बुडबुडा पश्चिमेला पळाला.
म्हणजे पश्चिम उंच.
खोदलं. चार बोटं राहिली.
खोदलं. दोन.
मग नखाएवढं,
आणि नखाएवढ्यासाठी अख्खा शनिवार.

पूर्वेला फावडं अलगद आत गेलं,
लोण्यात जावं तसं.
नॉर्मांची माती. इतकी वर्षं झाली, अजून पोकळच.
ती सगळी उपसावी लागली, तळाच्या घट्ट पिवळ्या थरापर्यंत,
आणि मग बाकीचं वर्तुळही त्या पातळीला उतरवावं लागलं.
सव्वीस ढकलगाड्या जास्त.
मातीत बिअरची तीन झाकणं निघाली.
तिनं ती पुसली, माझ्या तळहातावर ठेवली
आणि पुन्हा खणू लागली.
मला त्यांचं काय करावं कळेना.
अजून माझ्या कोटाच्या खिशात आहेत.

मग धुम्मस. दोन दिवस नुसतं धप्, धप्,
माझ्या बशीतला चमचा हलायचा.
खांबांखाली बारा लाद्या, प्रत्येक जमिनीत बुडवलेली,
प्रत्येकीवर पाणसळ, उभी, आडवी, पुन्हा उभी.
वर चाळलेली रेती, दोन इंच,
फळीनं ओढून ओढून इतकी सपाट
की संध्याकाळी तिच्यावर मेपलच्या सावलीला
एकही सुरकुती नव्हती.
आम्ही दोघं कडेला उभे राहिलो, न बोलता.
एवढं मोठं काहीच नाही
मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

सकाळी पाहिलं तर
वर्तुळाच्या आरपार, खुंटी होती तिथून सरळ,
पावलांची नाजूक रांग.
मधोमध एक खड्डा, व्यवस्थित बुजवलेला.
आमच्या पिस्ताशला एवढी मऊ जागा
गावात दुसरीकडे कुठे मिळणार?
मी फाटकापाशी जाऊन शब्द जुळवत होतो
तोवर गिलेन फळी घेऊन आलीच.
तिनं रांग पाहिली, खड्डा पाहिला, मला पाहिलं.

"मांजर तुझं ना?
मग दुसरं टोक धर."